जांघेतली गाठ

माझ्या दवाखान्यात आलेला पुरुष जांघेतल्या गाठीचं नाव पहिल्या वाक्यात घेत नाही. आधी पोट साफ होत नाही, मग गुडघे दुखतात, मग भूक मंदावली आहे. चिठ्ठी खिशात घालून तो दारापर्यंत जातो आणि तिथं अडखळतो. "आणखी एक होतं जी मॅडम, पण तुम्ही पडल्या लेडीज." नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीत सर्जरी करणारी बाई म्हणून हे वाक्य मला पाठ झालं आहे. मी कंपाउंडरला आत बोलावते, पडदा ओढते आणि काकांना उभं राहायला सांगते. टेबलावर आडवं व्हायचं नाही, उभंच राहायचं, आणि खोकायचं. बहुतेक वेळा निदान तेवढ्यातच होतं. खोकल्यासरशी जांघेत काहीतरी पुढं येतं आणि माझ्या बोटांना धक्का देतं. कधीपासून आहे असं विचारलं तर "पोराच्या लग्नाआधीपासून" असं उत्तर मिळतं. त्या पोराची पोरं आता शाळेत जात असतात.

ही गाठ म्हणजे मांस वाढलेलं नसतं. पोटातलं आतडं किंवा आतड्यावरची चरबीची चादर पोटाच्या भिंतीतल्या एका वाटेनं बाहेर डोकावत असते. हाच हर्निया. आमच्याकडे "आतडं उतरलं" म्हणतात, आणि तेही बरोबरच आहे. उभं राहिलं की गाठ येते, आडवं झालं की आपोआप आत जाते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. जगभरच्या हर्निया सर्जनांनी मिळून 2018 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत जन्मभरात जांघेचा हर्निया होण्याचं प्रमाण पुरुषांत 27 ते 43 टक्के आणि बायकांत 3 ते 6 टक्के दिलं आहे. पारशिवनीच्या बसस्टँडवर उभे असलेले पुरुष मोजा आणि चारानं भागा. निदान तितक्यांना तरी कधी ना कधी ही गाठ भेटणार आहे. मग लाज कशाची, हे मला अजून कळलेलं नाही.

पोटाची भिंत एरवी चांगली मजबूत असते. तीन स्नायूंचे थर एकमेकांना आडवे-तिरपे रचलेले असतात. मग जांघेतच ती दगा का देते? कारण तिथं वाट ठेवावीच लागते. पुरुषाची वृषणं तयार होतात ती पोटात, पाठीच्या बाजूला, मूत्रपिंडांच्या शेजारी. पण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, म्हणून त्यांना बाहेर पिशवीत यावं लागतं. आईच्या पोटात सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास ती जांघेतून भिंत ओलांडून खाली उतरतात. त्यांच्या पुढं पोटाच्या अस्तराचं एक बोटासारखं टोक आधीच उतरलेलं असतं. वृषण जागेवर पोचलं की ते टोक मिटून जावं अशी योजना असते. सगळ्यांचं मिटत नाही. उजवं वृषण डाव्याच्या मागून उतरतं, म्हणून उजवीकडचं टोक उशिरा मिटतं आणि उजव्या बाजूचे हर्निया जास्त दिसतात. बायकांमध्ये त्याच वाटेनं गर्भाशयाचा एक बारीक बंध जातो. वाट अरुंद, म्हणून धोका कमी. कमी म्हणजे नाहीच असं नव्हे. त्याबद्दल पुढं सांगते.

ही जागा स्वतःच्या अंगावर सापडते. कमरेच्या बाजूला, पट्टा अडतो तिथं, हाडाचं एक टोक बोटाला लागतं. आता पोटाच्या मधोमध खाली या, गुप्तांगाच्या वर जे हाड लागतं तिथपर्यंत, आणि तिथून बोट किंचित बाजूला सरकवा. एक बारीकसा उंचवटा लागेल. या दोन खुणांच्या मध्ये एक चिवट पट्टा ताणलेला असतो. त्याला इंग्वायनल लिगामेंट म्हणतात. पोट संपून मांडी सुरू होते ती याच रेषेवर. या पट्ट्याच्या साधारण मध्यावर, बोटभर वर, आतला दरवाजा असतो. बाहेरचा दरवाजा त्या उंचवट्याच्या जरा वर. दोहोंमधलं अंतर चार सेंटिमीटरच्या आसपास. या वाटेला इंग्वायनल कॅनाल म्हणतात. माझ्या धंद्याचा बराचसा भाग या चार सेंटिमीटरांवर चालतो.

यातली खुबी अशी की हे दोन दरवाजे समोरासमोर नाहीत. पायजम्याच्या नेफ्यात नाडी एका भोकातून शिरते आणि दुसऱ्याच ठिकाणी बाहेर येते, मधला प्रवास कापडाच्या दोन पदरांमधून होतो. वृषणाची दोरीही तशीच पोटाच्या थरांमधून तिरपी जाते. तुम्ही खोकलात, शिंकलात, जोर केलात की पोटातला दाब मागचा पदर पुढच्या पदरावर दाबतो आणि वाट चेपून बंद होते. वरून स्नायूंची एक कमान असते, तीही त्याच क्षणी खाली सरकते. नवजात बाळात मात्र हे दोन दरवाजे जवळजवळ एकासमोर एक असतात. बाळ वाढतं तसे ते दूर जातात. म्हणून बाळाच्या जांघेत रडताना येणारी गाठ "मोठा झाला की जाईल" असं म्हणून सोडायची नसते. ती जात नाही. तिच्यात आतडं अडकायचा धोका मोठ्या माणसापेक्षा जास्त. बेंबीचा फुगवटा वेगळा. तो बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांत आपणहून मिटतो. तिथं आजीनं रुपयाचं नाणं बांधलं तरी मिटतो, न बांधलं तरी मिटतो. श्रेय नाण्याला मिळतं.

मोठेपणी दोन तऱ्हा होतात. एक, आतल्या दरवाजातून, जन्मापासूनच्या त्या न मिटलेल्या टोकात आतडं शिरतं आणि तिरप्या वाटेनं पार अंडकोषापर्यंत उतरतं. ही तऱ्हा कोणत्याही वयात. दुसरी, मागची भिंतच विरते. कॅनालच्या मागच्या बाजूला एक त्रिकोणी जागा अशी आहे की तिथं भक्कम स्नायू नाही, नुसता पातळ पडदा आहे. साठीच्या पुढे, बिडीचा खोकला, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, लघवीला जोर करायला लावणारं प्रोस्टेट, यांच्या माऱ्यानं तो पडदा फुगतो. ऑपरेशनच्या टेबलावर दोन्ही तऱ्हा ओळखायची खूण एकच. आतल्या दरवाजाच्या कडेनं एक धमनी वर चढते, बोटाखाली ठकठक उडते. पिशवी तिच्या बाहेरच्या बाजूनं आली तर पहिली तऱ्हा, आतल्या बाजूनं आली तर दुसरी. शिकताना हा त्रिकोण मी पुस्तकातल्या आकृतीवरून पाठ केला होता, पण खरा कळला तो ती धमनी बोटाला लागली तेव्हा.

"युरियाचं पोतं उचललं अन् हर्निया झाला," हे आमच्याकडचं ठरलेलं वाक्य. पोत्याला मी पूर्ण निर्दोष म्हणणार नाही, पण ते एकटंच गुन्हेगार आहे असंही नाही. घरात बाप-भावाला हर्निया असणं आणि मुळातच कमजोर पडदा असणं, ही कारणं त्याहून पक्की. पोतं फार तर आधीच असलेली वाट उघडी पाडतं. म्हणून हर्नियाच्या माणसाला मी आधी छाती आणि लघवीबद्दल विचारते. खोकला तसाच ठेवून जांघ शिवली तर शिवण किती दिवस टिकेल?

आमच्या भागात आणखी एक घोळ आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा हत्तीरोगाचा. घाण पाण्यातल्या क्युलेक्स डासामार्फत त्याचा कृमी अंगात शिरतो आणि पुरुषांमध्ये बरेचदा अंडकोषाभोवतीच्या लसिकावाहिन्यांत ठाण मांडतो. मग तिथं पाणी साठतं, ते हायड्रोसील. 2019 च्या सुरुवातीला, देशात अगदी पहिल्यांदा ज्या मोजक्या जिल्ह्यांत हत्तीरोगावर तीन औषधं एकत्र द्यायची मोहीम सुरू झाली, त्यांत आपला नागपूर जिल्हा होता. गोळ्या वाटायला आशाताई घरोघर फिरतात. पण या सगळ्याचा उलटा परिणाम असा की अंडकोष सुजला की गाव म्हणतं, "पाणी भरलं." आतडं उतरलेला माणूसही पाणी भरलंय म्हणून स्वस्थ बसतो. सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगताना मूत्रवृद्धी आणि अंत्रवृद्धी वेगवेगळ्या मोजल्या आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या वैद्याला जो फरक ठाऊक होता तो आपल्याला ठाऊक असायला हरकत नाही.

फरक ओळखायला मशीन लागत नाही. सुजेच्या वरच्या टोकाला, जांघेजवळ, चिमूट घालून पाहायची. बोटं एकमेकांना भिडली आणि नुसती दोरीच हाताला लागली, तर सूज खालचीच आहे, म्हणजे बहुधा पाणी. बोटं भिडतच नाहीत, सूज वर पोटात शिरते आहे असं वाटलं, तर हर्निया. अंधारात मागून टॉर्च धरला तर पाणी असल्यास सूज लालसर उजळते. आतडं सहसा उजळत नाही, पण लहान बाळात ते फसवू शकतं. हे तपासायचं काम अर्थात डॉक्टरचं. मी इथं सांगते ते एकाच कारणासाठी. कोणी सुई घालून पाणी काढून देतो म्हणाला तर उठून या. आत पाणी नसून आतडं असलं तर ती सुई आतड्यात जाते.

आता बायका. मांडीला रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरा-धमन्या त्याच चिवट पट्ट्याच्या खालून जातात आणि त्यांच्या आतल्या अंगाला थोडी मोकळी जागा उरते. त्या फटीतून निघणारा हर्निया फेमोरल. तो बायकांत जास्त, त्यातही उतारवयात. पट्ट्याच्या खाली, मांडीच्या आतल्या बाजूला, सुपारीएवढी गाठ. फटीच्या तीन बाजू कडक आहेत, त्या पसरत नाहीत. आतडं शिरलं की आवळलं जातं. 1991 मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात या फटीतल्या हर्नियात आतडं आवळलं जाण्याची शक्यता तीन महिन्यांत 22 टक्के आणि एकवीस महिन्यांत 45 टक्के निघाली. वरच्या, नेहमीच्या हर्नियात तीन महिन्यांत तीन टक्क्यांहूनही कमी.

पेंचच्या कालव्याकाठच्या एका गावातल्या आजी माझ्याकडे आल्या त्या उलट्या घेऊन. पोट फुगलेलं, संडास बंद. दोन दिवस एका ठिकाणी ॲसिडिटी म्हणून सलाइन चाललं होतं. आजींच्या अंगावर कासोटा घातलेलं नऊवारी लुगडं. पोट सगळ्यांनी पाहिलं असेल, पण लुगड्याच्या गाठीच्या खाली कोणी पाहिलं नव्हतं, आणि आजींनीही दाखवलं नव्हतं. मी सुनेला बाजूला घेऊन म्हटलं, लुगडं सोडावं लागेल. आजी सुनेकडे न पाहता म्हणाल्या, "काऊन? दुखते तं पोटात." मांडीच्या घडीत लालसर, कडक, हात लावू न देणारी गाठ होती. रात्रीच नागपूरच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं. आतड्याचा एक तुकडा काळा पडलेला होता, तो काढावा लागला. आजी वाचल्या. पुढच्या खेपेस येताना माझ्यासाठी सांडगे घेऊन आल्या आणि शेजारणीला सोबत, गाठ दाखवायला. पोट फुगून उलट्या होणाऱ्या म्हाताऱ्या बाईची जांघ पाहिल्याशिवाय मी सलाइन लावू देत नाही, आणि कोणीच लावू नये.

इलाज एकच, शिवण. पण शिवायचं कसं यावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ खल चालला आहे. इटलीतल्या एदोआर्दो बासिनी या सर्जननं 1884 मध्ये पहिल्यांदा कॅनालची रचना ओळखून मागची भिंत नव्यानं बांधली. या गृहस्थाला तरुणपणी लढाईत जांघेतच संगिनीचा घाव बसला होता. जांघेचा अभ्यास त्यानं नंतर का धरला असेल, याचा मी नेहमी विचार करते. बासिनीची पद्धत चांगली, पण दूर असलेले स्नायू ओढून शिवले की ताण येतो आणि ताण आला की शिवण सुटते. अमेरिकेत लिक्टेनस्टाइन यांनी 1980 च्या दशकात वेगळा मार्ग रूढ केला. ओढाताण करायचीच नाही, विरलेल्या जागी प्लास्टिकच्या धाग्याची जाळी अंथरायची. तिच्यातून शरीराचं मांस वाढतं आणि नवी भिंत तयार होते. आज मोठ्या माणसांत बहुतेक ठिकाणी हेच करतात. लहान मुलांना जाळी लागत नाही. पिशवी बांधली की झालं.

पण जाळी महाग. आणि इथं महाराष्ट्रातल्या एका गावचं नाव येतं. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं. त्याचा धागा महागड्या जाळीच्याच जातीचा, पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचा, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तुकडे कापून निर्जंतुक केले आणि वापरले. ग्रामीण भागातल्या इतर सर्जनांनाही सामील करून घेतलं आणि साडेतीनशेहून अधिक हर्नियांचा अनुभव 2003 मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत छापला. निकाल समाधानकारक होते. मोठ्या शहरांतल्या कॉन्फरन्समध्ये मच्छरदाणी म्हटल्यावर हसणारे मी स्वतः पाहिले आहेत. पुढे 2016 मध्ये युगांडातल्या 302 पुरुषांवर स्वीडन आणि युगांडाच्या डॉक्टरांनी रीतसर तुलना केली. अर्ध्यांना बाजारातली जाळी, अर्ध्यांना मच्छरदाणीची. वर्षाअखेर मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परतला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही, फरक नगण्य. हा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला तेव्हा हसू थांबलं. हत्तीरोगाचा डास बाहेर ठेवणारं कापडच आतडं आत ठेवतं, हे मला मनापासून आवडतं. मात्र बाजारातली कुठलीही मच्छरदाणी चालत नाही. धागा कोणता, औषध लावलेली आहे का, निर्जंतुक कशी केली, हे सारं पाहावं लागतं.

पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी आणखी वेगळा विचार केला. बाहेरची वस्तू हवीच कशाला? पोटाच्या सगळ्यात वरच्या स्नायूचा चकचकीत पांढरा पडदा तिथंच असतो, त्याचीच एक पट्टी, मुळापासून न तोडता, मागच्या भिंतीवर शिवायची. त्यांनी 400 रुग्णांवरचा अनुभव 2001 मध्ये प्रसिद्ध केला. पोलंडमध्ये 208 पुरुषांवर या पद्धतीची जाळीशी तुलना झाली. तीन वर्षांत दोन्ही गटांत दोन-दोनच हर्निया परतले. 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पहिला मान जाळीलाच दिला आहे आणि मीही बहुतेकांना जाळीच घालते. पण पस्तिशीचा सडपातळ माणूस, पडदा चांगला जाड, तर देसरडांची पट्टी माझ्या मनात येतेच.

ऑपरेशनचा गोडवा गाताना एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. कॅनालमधून तीन बारीक नसा जातात. पांढरी, सुतळीहूनही बारीक अशी एक तर दोरीच्या अंगावरच पहुडलेली असते. ती टाक्यात सापडली, जाळीत गुरफटली, की जांघ महिनोन्‌महिने दुखते. शंभरांत दहा-बाराजणांना त्रासदायक दुखणं मागं राहतं. म्हणून अजिबात न दुखणाऱ्या, छोट्या, आत जाणाऱ्या गाठीच्या पुरुषाला मी घाई करत नाही. 2006 च्या एका अमेरिकी अभ्यासात अशी माणसं थांबली तेव्हा हजारजणांमागं वर्षाला दोघांनाही आतडं अडकण्याची वेळ आली नाही. अर्थात दहा वर्षांत त्यांतल्या अडुसष्ट टक्क्यांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलंच, दुखू लागलं म्हणून. थांबायचं असेल तर दाखवून, ठरवून थांबा. लपवून थांबणं वेगळं. ही सवलत बायकांना नाही, आणि मेडिकल स्टोअरचा पट्टा हा इलाज नाही. तो भोक बुजवत नाही. गाठ आत न घालता वर पट्टा आवळला तर खाली आतडं चेपलं जातं.

पैशाचं म्हणाल तर सरकारी दवाखान्यात गेलात की आरोग्यमित्राला गाठून कोणत्या योजनेत बसतं ते आधी विचारा. लाजू नका, तो त्याच कामासाठी बसलेला असतो.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचाराच, जांघेत काही लागतं का म्हणून. नेहमी आत जाणारी गाठ आज आत जात नसेल, कडक झाली असेल, दुखत असेल आणि उलट्या होत असतील, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. 108 लावा आणि थेट नागपूर गाठा, मेडिकल कॉलेज किंवा मेयो रुग्णालय. वाटेत पेशंटला पाणीसुद्धा देऊ नका आणि गाठ जोर लावून आत ढकलू नका.